छोटा लॅपटॉप, लिनक्स आणि बॅटरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुना बारा-तेरा इंची लॅपटॉप घेऊन त्यावर लिनक्स टाकणाऱ्यांचे बॅटरीबद्दलचे प्रश्न माझ्याकडे सतत येतात. विचारणारे बहुतेक विद्यार्थी असतात. कोणाकडे कंपनीतून निघालेला थिंकपॅड असतो, कोणाकडे आयडियापॅड, कोणाकडे आसुस. तेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणांसाठी मी बहुतेक ठिकाणी थिंकपॅड एक्स२५० धरला आहे: २०१५चं मॉडेल, साडेबारा इंची स्क्रीन, इंटेलचा पाचव्या पिढीचा प्रोसेसर. कमांड आणि फाइलींची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन अक्षरांतच टाइप करायची.

१. विंडोजवर हाच लॅपटॉप पाच तास चालायचा, लिनक्सवर तीन तासांत बसतो. लिनक्स जास्त बॅटरी खातं का?

लिनक्सचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) उधळ्या नाही. फरक पडतो तो बहुतेक वेळा जुळणीमुळे. विंडोजसोबत लॅपटॉप बनवणारी कंपनी त्या मॉडेलसाठी वीज वाचवण्याच्या सेटिंग्ज आधीच लावून देते. लिनक्सचं डिस्ट्रिब्यूशन (उबुंटू, फेडोरासारखी तयार सिस्टिम) हजारो मॉडेलांवर चालायचं असतं, त्यामुळे कोणाचं काही बिघडू नये म्हणून काही उपकरणांची वीज-बचत ते बंद ठेवतं. ती आपण सुरू करायची. दुसरं मोठं कारण व्हिडिओचं आहे, ते प्रश्न ८ मध्ये आहे.

आणखी एक गोष्ट तपासा. विंडोजवरचे ते पाच तास कधीचे? दोन वर्षांपूर्वीचे असतील तर मधल्या काळात बॅटरीच थकलेली असू शकते (प्रश्न ३).

२. नेमकी किती वीज जाते हे कसं मोजायचं?

या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे. बॅटरीच्या चिन्हाशेजारी दिसणारे 'तीन तास दहा मिनिटं' विसरा. तो अंदाज दर मिनिटाला बदलतो. आपल्याला आकडा हवा तो वॉटमध्ये.

चार्जर काढा. स्क्रीनचा ब्राइटनेस रोज ठेवता तेवढा ठेवा. सगळे प्रोग्राम बंद करून फक्त टर्मिनल उघडा, पाचेक मिनिटं मशीन शांत बसू द्या आणि मग 'यूपॉवर --डंप' ही कमांड द्या. त्यात 'एनर्जी-रेट' अशी ओळ दिसेल. तोच आपला आकडा. पॉवरटॉप नावाचा प्रोग्रामही तो दाखवतो. थेट कर्नलकडून हवा असेल तर /सिस/क्लास/पॉवर_सप्लाय या फोल्डरमध्ये बॅटरीच्या नावाखाली 'पॉवर_नाऊ' ही फाइल वाचा. ती मायक्रोवॉटमध्ये असते, म्हणजे ६२००००० लिहिलं असेल तर ६.२ वॉट. काही लॅपटॉपांत ही फाइल नसते, त्याऐवजी 'करंट_नाऊ' आणि 'व्होल्टेज_नाऊ' असतात. मग दोन्हींचा गुणाकार करायचा. चार्जर लावलेला असताना हे मोजू नका, तेव्हा हा आकडा बॅटरीत वीज भरण्याचा वेग सांगतो.

आता साधा भागाकार. बॅटरीत ४६ वॉट-तास असतील आणि मशीन ९ वॉट घेत असेल तर पाच तास मिळतात. तेच ६ वॉटवर आणलं तर सात तास चाळीस मिनिटं. छोट्या लॅपटॉपवर एकेका वॉटला इतकी किंमत आहे. म्हणून एका वेळी एकच बदल करा, पुन्हा मोजा, वहीत लिहा. दहा बदल एकदम केले तर उपयोग कशाचा झाला आणि बिघडलं कशाने, हे कधीच कळत नाही.

३. बॅटरी जुनी झाली आहे की सिस्टिम जास्त खाते, हे कसं ओळखायचं?

त्याच 'यूपॉवर' कमांडमध्ये 'एनर्जी-फुल' आणि 'एनर्जी-फुल-डिझाइन' असे दोन आकडे असतात. पहिला आज बॅटरीत किती मावतं तो, दुसरा नवी असताना किती मावत होतं तो. एक्स२५०ची आतली बॅटरी साधारण २३ वॉट-तासांची असते. तिच्यात आज १५ मावत असतील तर सुमारे ६५ टक्के उरली.

प्रश्न २ मधला आकडा ५-६ वॉट येतो आणि तरीही मशीन दोनच तास चालतं, तर सॉफ्टवेअरमध्ये शोधण्यासारखं काही नाही, बॅटरी बदला. क्षमता चांगली आहे पण नुसतं बसूनही ९-१० वॉट जातात, तर पुढचे प्रश्न तुमच्यासाठी आहेत.

४. काहीही इन्स्टॉल न करता सगळ्यात जास्त फरक कशाने पडतो?

स्क्रीन. मशीन शांत असताना छोट्या लॅपटॉपवर बऱ्याचदा सगळ्यात जास्त वीज बॅकलाइटच घेतो. घरात ब्राइटनेस निम्म्यावर आणून आधी-नंतरचे आकडे बघा.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. आपल्याकडे अनेकांचं इंटरनेट मोबाइलवरूनच असतं आणि फोन केबलने लॅपटॉपला जोडून ठेवलेला असतो. तो फोन लॅपटॉपमधून चार्ज होत राहतो. साध्या यूएसबी २ पोर्टमधून तो अडीच वॉटपर्यंत घेऊ शकतो, यूएसबी ३ मधून साडेचारपर्यंत. सहा वॉटवर चालणाऱ्या मशीनला हा बोजा प्रचंड आहे. लॅपटॉप बॅटरीवर असेल तेव्हा वायफाय हॉटस्पॉट वापरा.

मग ब्राउझरचे टॅब. काही साइट मागे पडलेल्या टॅबमध्येही प्रोसेसरला झोपू देत नाहीत. वापरात नसलेलं ब्लूटूथ, कीबोर्डखालचा दिवा, विसरलेलं एसडी कार्ड किंवा पेनड्राइव्ह, सिमकार्डवालं मोडेम, हे सगळं बंद करा किंवा काढा. सिस्टिम नवी टाकल्यावर पहिले एक-दोन दिवस फाइलींची सूची बनवणारे प्रोग्राम (केडीई या डेस्कटॉपमध्ये बालू, ग्नोम या डेस्कटॉपमध्ये ट्रॅकर, नव्या आवृत्त्यांत त्याचं नाव लोकलसर्च) मागे काम करत असतात. ते आटपेपर्यंतची मोजणी धरू नका.

५. टीएलपी, पॉवर-प्रोफाइल्स-डीमन, ऑटो-सीपीयूफ्रेक... नेमकं काय टाकू? सगळीच टाकली तर?

एकच. ही सगळी वीज-बचतीच्या सेटिंग्ज आपोआप लावणारी, मागे चालणारी साधनं (सर्व्हिस) आहेत आणि त्याच त्या स्विचवर हात ठेवतात. एकाने केलेलं दुसरा फिरवतो आणि तुम्हाला वाटतं काहीच लागू होत नाही. 'सगळं करून बघितलं, फरक नाही' म्हणणाऱ्यांच्या मशीनवर मला हमखास दोन-तीन अशा सर्व्हिस एकत्र चाललेल्या सापडतात.

ग्नोम किंवा केडीईच्या सेटिंगमध्ये 'पॉवर सेव्हर', 'बॅलन्स्ड', 'परफॉर्मन्स' असे तीन पर्याय दिसतात, त्यामागे बहुधा पॉवर-प्रोफाइल्स-डीमन असतो. फेडोराने ४१व्या आवृत्तीपासून, २०२४ मध्ये, त्याच्या जागी ट्यून्ड ही तशीच सर्व्हिस आणली. नव्या लॅपटॉपवर आणि सेटिंग्जमध्ये शिरायची इच्छा नसेल तर एवढं पुरतं.

जुन्या छोट्या लॅपटॉपसाठी माझं मत टीएलपीच्या बाजूने आहे. ते फक्त प्रोसेसर बघत नाही. डिस्क, वायफाय, यूएसबी, पीसीआय (आतली उपकरणं जोडणारा मार्ग), साउंड या सगळ्यांची बचत ते चार्जर काढला की आपोआप लावतं आणि चार्जर लावला की काढतं. इन्स्टॉल करून सुरू केलं की मूळ सेटिंग्जही ठीक असतात. ती /ईटीसी/टीएलपी.कॉन्फ या फाइलमध्ये बदलता येतात. आधी पॉवर-प्रोफाइल्स-डीमन किंवा ट्यून्ड काढून टाका, मग टीएलपी टाका. 'टीएलपी-स्टॅट' ही कमांड काय लागू आहे ते दाखवते.

६. पॉवरटॉपमध्ये सगळ्या 'बॅड' ओळी 'गुड' केल्या, पण रीस्टार्ट केलं की परत 'बॅड' होतात. असं का?

कारण पॉवरटॉप हे मुळात निदानाचं साधन आहे. २००७ मध्ये इंटेलने ते प्रोसेसरला कोण जागं करतं ते शोधण्यासाठी काढलं. त्यात केलेले बदल मशीन बंद होईपर्यंतच टिकतात. 'ऑटो-ट्यून' पर्याय सुरुवातीलाच चालवणारी सर्व्हिस बनवता येते, पण ती यूएसबी माउसलाही झोपवते (प्रश्न १२). टीएलपी वापरत असाल तर 'बॅड' लिहिलेल्या एक-दोन ओळींच्या मागे लागू नका. 'बॅड' या शब्दाने घाबरून लोक रात्र रात्र घालवतात आणि वाचतो तो वॉटचा एखादा शंभरावा भाग.

७. प्रोसेसर 'पॉवरसेव्ह'वर ठेवला तर लॅपटॉप रखडेल का?

प्रोसेसरचा वेग सांभाळणारा तुमचा ड्रायव्हर कोणता यावर ते ठरतं, आणि नाव सारखंच असल्यामुळे इथे गोंधळ होतो. इंटेलच्या सहाव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरवर सहसा इंटेल-पीस्टेट ड्रायव्हर असतो. त्यातलं 'पॉवरसेव्ह' गरजेनुसार वेग वाढवतं आणि कमी करतं, तिथे ते खुशाल ठेवा. एसीपीआय-सीपीयूफ्रेक या जुन्या ड्रायव्हरमध्ये, आणि एक्स२५०सारख्या त्याआधीच्या पिढ्यांवर नवे कर्नल लावतात त्या इंटेल-सीपीयूफ्रेकमध्ये, मात्र त्याच शब्दाचा अर्थ 'कायम सगळ्यात कमी वेग' असा आहे, आणि मग मशीन खरोखर रखडतं.

वेगाला मुद्दाम खालच्या आकड्यावर बांधून ठेवू नका. प्रोसेसर काम झटकन संपवून गाढ झोपला तर बऱ्याचदा कमी वीज जाते. हळूहळू काम करत बसला तर स्क्रीन, मेमरी आणि बाकी सगळंही तेवढा जास्त वेळ जागं राहतं. बॅटरीवर असताना टर्बो (प्रोसेसरचा वेग थोडा वेळ नेहमीपेक्षा वर नेणारी सोय) बंद करणं मात्र करून बघण्यासारखं आहे. टीएलपीत 'सीपीयू_बूस्ट_ऑन_बॅट' शून्य करा. लिहिणं-वाचणं याला काही जाणवत नाही, आणि पंख्याचा आवाजही कमी होतो.

८. यूट्यूब लावलं की बॅटरी धडाधड उतरते आणि पंखा सुरू होतो. उपाय?

व्हिडिओ उलगडण्याचं काम ग्राफिक्स चिपमधल्या खास भागाने करायला हवं. ते प्रोसेसरवर पडलं की असं होतं. इथे दोन गोष्टी जुळाव्या लागतात.

पहिली, ड्रायव्हर. इंटेलच्या पाचव्या पिढीपासून पुढे इंटेल मीडिया ड्रायव्हर लागतो, त्याआधीच्या मशीनना आय९६५. 'व्हीएइन्फो' ही कमांड दिली की चिप कोणते फॉरमॅट उलगडते त्याची यादी येते. कमांड एरर देत असेल तर आधी तो ड्रायव्हर टाका. फायरफॉक्सने इंटेलसाठी लिनक्सवर ही सोय ११५व्या आवृत्तीपासून आपोआप सुरू ठेवली आहे, त्यामुळे जुना फायरफॉक्स असेल तर तोही अपडेट करा.

दुसरी गोष्ट, फॉरमॅट. यूट्यूब शक्यतो व्हीपी९ किंवा एव्ही१ पाठवतं. इंटेलमध्ये व्हीपी९ पूर्णपणे हार्डवेअरमध्ये उलगडणं सातव्या पिढीपासून आहे, एव्ही१ अकराव्यापासून. एक्स२५० पाचव्या पिढीचा. म्हणजे ड्रायव्हर बरोबर असूनही व्हीपी९चा भार प्रोसेसरवरच येतो. त्याला एच.२६४ मात्र उत्तम जमतं. म्हणून ब्राउझरमध्ये 'एच२६४-इफाय' हे एक्स्टेंशन टाका. ते यूट्यूबला एच.२६४ पाठवायला लावतं. या फॉरमॅटमध्ये १०८०पीच्या वर मिळत नाही, पण साडेबारा इंची स्क्रीनला त्याहून जास्त लागतंच कशाला? लेक्चरचे व्हिडिओ तासन्‌तास बघणाऱ्या विद्यार्थ्यांना मी सगळ्यात आधी हेच करायला सांगते.

खरंच चिप काम करते आहे का हे 'इंटेल_जीपीयू_टॉप'मध्ये 'व्हिडिओ' या ओळीत दिसतं. व्हिडिओ चालू असताना तिथे शून्य असेल तर अजून काहीतरी राहिलंय.

९. झाकण बंद करून रात्री ठेवला, सकाळी बॅटरी रिकामी. बॅगेत तर गरमही झाला होता. हे काय?

लॅपटॉप नीट झोपलाच नाही. झोपेचे दोन प्रकार आहेत. जुन्या पद्धतीत फक्त मेमरीला वीज मिळते, बाकी सगळं बंद. लिनक्स तिला 'डीप' म्हणतं. नव्या पद्धतीला 'एस२आयडल' म्हणतात. त्यात मशीन तांत्रिकदृष्ट्या चालूच असतं, फक्त प्रत्येक भाग आपापल्या गाढ झोपेत जायला हवा. एक भाग जरी जागा राहिला तरी वीज जात राहते.

/सिस/पॉवर/मेम_स्लीप ही फाइल वाचा. चौकटी कंसात असलेला शब्द म्हणजे सध्याची पद्धत. 'डीप' यादीत आहे पण कंसात नाही, तर कर्नलला 'मेम_स्लीप_डिफॉल्ट=डीप' हा पॅरामीटर (सुरू होताना वाचली जाणारी सूचना) द्या. काही थिंकपॅडच्या बायोसमध्येच (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) 'स्लीप स्टेट' नावाचा पर्याय असतो, तिथे 'लिनक्स' निवडलं की 'डीप' मिळतं. यादीत 'डीप' नावच नसेल, जसं बऱ्याच नव्या लॅपटॉपांत नसतं, तर हायबरनेटचा विचार करा: 'सस्पेंड-देन-हायबरनेट' वापरलं तर थोडा वेळ झोप आणि मग सगळं डिस्कवर लिहून पूर्ण बंद. त्यासाठी मेमरी मावेल एवढी स्वॅप (मेमरीसाठी राखलेली डिस्कवरची जागा) लागते. आणि सिक्युअर बूट (फक्त मान्यताप्राप्त सिस्टिमच सुरू होऊ देणारी बायोसमधली सोय) चालू असेल तर उबुंटू आणि फेडोराचे कर्नल हायबरनेट करूच देत नाहीत. पर्याय दिसत नाही म्हणणाऱ्यांचं उत्तर सहसा हेच असतं.

तोपर्यंत बॅगेत घालताना लॅपटॉप शटडाउन करा. बंद बॅगेतली उष्णता बॅटरीला थेट म्हातारी करते.

१०. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवावं असं वाचलं. पण आमच्याकडे लाइट कधीही जाते. मग काय करू?

लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरलेल्या अवस्थेत आणि गरम राहिली की लवकर थकते. दिवसभर चार्जरवर असणाऱ्या लॅपटॉपची बॅटरी नेमकी अशीच असते. त्यामुळे सल्ला योग्य आहे. विदर्भात-मराठवाड्यात उन्हाळ्यात खोलीच चाळिशीला जाते. बॅटरीच्या सेल ४५ अंशांच्या वर असताना चार्ज करणं त्यांच्यासाठी वाईट, हेही लक्षात ठेवा. गादीवर ठेवून चार्ज करू नका.

थिंकपॅडवर टीएलपीत दोन मर्यादा देता येतात: ७५च्या खाली गेलं की चार्जिंग सुरू, ८०ला बंद. आसुसमध्ये फक्त थांबण्याची मर्यादा मिळते. आयडियापॅडमध्ये आकडा निवडता येत नाही, 'कॉन्झर्व्हेशन मोड' चालू किंवा बंद एवढंच. केडीईच्या सेटिंगमध्ये आणि ग्नोम ४८पासून तिथेही, हार्डवेअर साथ देत असेल तर ही सोय दिसते.

पण तुमच्या गावात रोज चार-चार तास भारनियमन असेल आणि लॅपटॉप हाच अभ्यासाचा आधार असेल, तर मर्यादा लावू नका. ते वीस टक्के तुम्हाला आज हवे आहेत. मधला मार्गही आहे: एरवी ८० ठेवा आणि परीक्षेच्या किंवा प्रवासाच्या आदल्या रात्री 'टीएलपी फुलचार्ज' द्या. तेवढ्यापुरती ती १०० पर्यंत भरते.

११. माझ्या एक्स२५०मध्ये दोन बॅटऱ्या दिसतात. एक उतरते, दुसरी तशीच. बिघाड आहे का?

नाही. एक्स२४०, २५०, २६०, २७० यांच्यात एक बॅटरी आत आणि एक मागून काढता येणारी असते. आधी बाहेरची उतरते, मग आतली. आतली चार्ज असेल तर मशीन चालू ठेवूनच बाहेरची बदलता येते. फायदाच आहे हा. बाहेरची बॅटरी २३ वॉट-तासांची मिळते तशी ७२ वॉट-तासांचीही मिळते. दुसरी तळाकडून जाड असते, पण आतली धरून ९५च्या आसपास जाते. प्रश्न २ मोजताना मात्र दोन्हींचे आकडे बघा, कारण एका वेळी एकच वीज देत असते आणि दुसरीचा दर शून्य दिसतो. चार्जिंगच्या मर्यादाही दोघींना वेगवेगळ्या द्याव्या लागतात.

१२. बचतीच्या सेटिंग्ज लावल्यापासून माउस मध्येच अडकतो, किंवा वायफाय तुटक झालंय.

माउस अडकत असेल तर बहुतेक पॉवरटॉपचं 'ऑटो-ट्यून' लावलेलं आहे. टीएलपी माउस-कीबोर्डना स्वतःहून वगळतं. दुसरं एखादं यूएसबी उपकरण त्रास देत असेल तर 'एलएसयूएसबी' या कमांडमधून त्याचा क्रमांक घेऊन तो 'यूएसबी_डिनायलिस्ट'मध्ये टाका.

वायफायसाठी फक्त तेवढीच बचत बंद करा: टीएलपीत 'वायफाय_पीडब्ल्यूआर_ऑन_बॅट' ऑफ. तरी फरक नाही पडला तर नेटवर्क मॅनेजरची स्वतःची सेटिंग बघा. तिथे 'वायफाय.पॉवरसेव्ह'चं मूल्य ३ म्हणजे बचत चालू, २ म्हणजे बंद. उबुंटू ते ३ ठेवूनच येतं.

१३. तीस टक्के दाखवत असताना लॅपटॉप झटक्यात बंद पडतो. का?

टक्केवारी हा बॅटरीतल्या चिपचा हिशोब आहे आणि जुन्या बॅटरीत तो चुकत जातो. आधी हिशोब दुरुस्त करून बघा. पूर्ण चार्ज, पूर्ण उतरवणं, पुन्हा पूर्ण चार्ज. थिंकपॅडवर 'टीएलपी रीकॅलिब्रेट' हे आपोआप करतं. मात्र ते चालू असताना चार्जर लावलेलाच ठेवा आणि मशीन वापरू नका.

त्यानंतरही तसंच होत असेल तर एखादी सेल कमकुवत आहे. प्रोसेसरने अचानक जोर लावला की व्होल्टेज कोसळतं आणि सगळं बंद. नवी बॅटरी येईपर्यंत निदान लिहिलेलं तरी वाचावं म्हणून यूपॉवरला लवकर बंद करायला सांगा. /ईटीसी/यूपॉवर/यूपॉवर.कॉन्फ मध्ये 'पर्सेंटेज-ॲक्शन' मूळ २ असतं, ते ३५ करा. इथे एक खाच आहे. 'लो', 'क्रिटिकल' आणि 'ॲक्शन' हे तिन्ही आकडे उतरत्या क्रमाने असावे लागतात. नुसतं 'ॲक्शन' ३५ केलं आणि 'क्रिटिकल' ५वरच ठेवलं तर यूपॉवर तुमचे तिन्ही आकडे गुपचूप बाजूला ठेवतं आणि मूळचेच वापरतं. म्हणून ४५, ४०, ३५ असं काहीतरी द्या.

१४. ग्नोम काढून हलकं डेस्कटॉप टाकलं तर बॅटरी वाढेल?

मेमरी वाचेल, बॅटरीत फार मोठा फरक सहसा दिसत नाही. शांत बसलेलं ग्नोमही प्रोसेसरला जवळजवळ काम देत नाही. ४ जीबी रॅमचं मशीन सतत स्वॅपमध्ये जात असेल तर मात्र एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी या हलक्या डेस्कटॉपने खरा आराम पडतो.

१५. नवी बॅटरी घेताना काय बघू?

वॉट-तास आणि पार्ट नंबर जुळवा. बसवल्यावर लगेच 'एनर्जी-फुल-डिझाइन' आणि 'एनर्जी-फुल' तपासा (प्रश्न ३). नव्या बॅटरीत दुसरा आकडा पहिल्यापेक्षा बराच कमी असेल तर परत करा. काही थिंकपॅडचं फर्मवेअर (मशीनमध्येच भरलेलं सॉफ्टवेअर) मान्यता नसलेली बॅटरी चार्जच करत नाही. एक्स२३० त्यांतलाच, त्यामुळे स्वस्त बॅटरी घेण्याआधी विक्रेत्याकडून परत घेण्याची हमी घ्या.

जुनी बॅटरी फुगली असेल, म्हणजे टचपॅड वर उचलल्यासारखा वाटतो किंवा तळ नीट बसत नाही, तर लॅपटॉप लगेच बंद करा आणि चार्जर लावू नका. ती दाबू नका, टोचू नका, घरच्या कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

१६. सगळं केलं. सीपीयू शून्य-एक टक्का दाखवतो, तरी ९ वॉट जातात. आता?

बहुतेक एखादं उपकरण पूर्ण चिपला गाढ झोपेत जाऊ देत नाहीये. पॉवरटॉपमध्ये 'आयडल स्टॅट्स'चं पान उघडा आणि डावीकडचा 'पॅकेज' रकाना बघा. सी२, सी३, सी७ या झोपेच्या पायऱ्या आहेत, आकडा मोठा तेवढी झोप गाढ. स्वतंत्र कोर सी७ मध्ये नव्वद टक्के वेळ झोपलेले, पण पॅकेज मात्र सी२-सी३च्या पुढे जात नाही, असं दिसलं तर शंका खरी.

मग एकेक उपकरण वगळत जा. आधी यूएसबीला लावलेलं सगळं आणि एसडी कार्ड काढा, मोजा. ब्लूटूथ, वायफाय बंद करून मोजा. मग साटा डिस्क: तिच्या लिंकची बचत 'मॅक्स_परफॉर्मन्स'वर अडकली असेल तर 'मेड_पॉवर_विथ_डिपम' करा. त्याच्याही पुढचा 'मिन_पॉवर' पर्याय मी वापरू देत नाही. काही एसएसडींवर त्याने डेटा खराब झाला आहे आणि फायदा किरकोळ आहे.

शेवटी पीसीआयची बचत राहते. त्यासाठी 'पीसीआयई_एएसपीएम=फोर्स' हा पॅरामीटर सगळीकडे सुचवलेला दिसतो. फर्मवेअरने नको म्हटलेल्या उपकरणांवरही तो बचत लादतो, आणि त्याने मशीन गोठू शकतं. आधी टीएलपीतूनच 'पीसीआयई_एएसपीएम_ऑन_बॅट'ला 'पॉवरसुपरसेव्ह' देऊन बघा. 'फोर्स' वापरायचाच असेल तर एकदाच, बूट होताना ग्रबच्या (मशीन सुरू होताना दिसणाऱ्या) मेनूत हाताने लिहून. फाइलीत कायमचा लिहू नका. मशीन अडकलं तर बटण दाबून बंद करा. पुढच्या वेळी ते आपलं आपण पूर्वीसारखं सुरू होईल.